जुलैतला समुद्र

प्रमिलाने गाऊनची घडी मोडली, हाताने दाबून पुन्हा सपाट केली आणि कोकम आगळाच्या बाटलीला टेकून पिशवीच्या कोपऱ्यात बसवली. बाटली कालच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर रबर लावून ठेवली होती. बिनबाह्यांचे सुती गाऊन, मलमलचे दोन ड्रेस, उन्हाची टोपी, वाळ्याचं सरबत. नवऱ्याच्या, सदानंदच्या, ऑफिसातल्या नायरांचा पुतण्या रविवारी ॲडलेडला निघाला होता आणि दोन किलो सामान न्यायला कसाबसा तयार झाला होता. दोन किलोंत लेकीची सगळी हौस बसवायची, म्हणून ती सकाळपासून एक वस्तू काढत होती आणि दुसरी घालत होती.

समोरच्या फ्लॅटमधली शहनाझ नेहमीप्रमाणे दार ढकलून आत आली. शारजात रोल्लाच्या या बिल्डिंगमध्ये दोघींचं बारा-पंधरा वर्षांचं शेजारपण. दोन घरांत दार वाजवायची पद्धत केव्हाच मोडली होती. तिने पलंगावरचा पसारा पाहिला आणि एक ड्रेस चिमटीत धरून उचलला.

"भाभी, ये किसके लिए?"

"सुमेधा के लिए. उधर बहुत गर्मी है ना."

"गर्मी?" शहनाझ हसली. "उधर तो अभी कड़ाके की सर्दी है. भाईजान के घर दिनभर हीटर चलता है. मैं तो मुन्ने के स्वेटर के लिए पूरे रोल्ला में ऊन ढूँढती फिरी. दुकानवाला बोला, बाजी, जुलाई में ऊन?"

शहनाझचा भाऊ मेलबर्नला होता. प्रमिला म्हणाली, "वो मेलबर्न में होगा. हमारा ग्लेनेल्ग तो समुंदर के किनारे है."

"समुंदर से क्या होता है, भाभी. पूरा मुल्क ही उल्टा है. इधर गर्मी, तो उधर सर्दी."

शहनाझ दही मागायला आली होती, ती दही घेऊन गेली. प्रमिला टोपी हातात धरून पलंगावर बसून राहिली. दक्षिण गोलार्ध, उलटे ऋतू, हे सगळं तिनेही शाळेत घोकलं होतं आणि परीक्षा झाल्यावर सोडून दिलं होतं. पण जी गोष्ट आपण विसरलो, ती तिथे राहणारी पोर कशी विसरेल? गेल्याच शुक्रवारी फोनवर सुमेधा म्हणाली होती, "आई, काल आम्ही बीचवर गेलो होतो. रात्री जेवण झाल्यावर. वाळू अजून इतकी गरम होती ना, चपला काढवत नव्हत्या."

मनात पाल चुकचुकली. प्रमिलाने टोपी बाजूला ठेवली, आणि उगाचच पुन्हा हातात घेतली.

सदानंद गुरुवारचा अर्धा दिवस संपवून घरी आला तेव्हा ती त्याच्या कपाटातली पुस्तिका घेऊन बसली होती. ही पुस्तिका त्याने सुमेधाचं लग्न ठरलं त्याच आठवड्यात एका ट्रॅव्हल एजंटाकडून आणली होती. सुमेधाच्या सासरचं ग्लेनेल्ग हे ॲडलेडचं समुद्रकाठचं उपनगर; तिथे काय पाहाल, काय कराल, याची ती रंगीत चोपडी. गेल्या सात महिन्यांत त्याने तिची इतकी पारायणं केली होती की न पाहिलेल्या गावाचा तो गाइड होऊन बसला होता. घरी कोणी चहाला आलं की कपाच्या आधी पुस्तिका पुढे यायची. समुद्रात घुसलेला लांब धक्का, शहरातून थेट वाळूपर्यंत येणारी ट्राम, जेटी रोडवरची आइस्क्रीमची दुकानं, उंच पाइनची झाडं. पुढच्या रजेत भारतात न जाता तिकडे जायचं आणि रोज एक गोष्ट पाहायची, असा त्याचा बेत होता. दुबईच्या ऊद मेथातल्या गणपतीत हे स्थळ आलं तेव्हापासून तो जरा उंच मानेनेच चालत होता, आणि खरं सांगायचं तर तीही.

"अहो, आत्ता तिकडे थंडी असते म्हणे."

"कोण म्हणतं?"

"शहनाझ."

"असेल." सदानंदने बूट काढले. "पण फोटो बघ की. आहे का कोणाच्या अंगात स्वेटर?"

"फोटो कधीचा असेल कोण जाणे."

"प्रमिला, तू ना, मिळालेलं सुख उलटंपालटं करून बघतेस. पोरगी रोज समुद्रावर जातेय. आपल्याला अजून काय हवंय?"

तो हसून म्हणाला, पण पुस्तिका तिच्या हातातून घेताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. मग पानं चाळत बराच वेळ उभा राहिला. हवामानाचा चौकोन शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होता. तो त्याने वाचला की नाही, हे तिला कळलं नाही; पुस्तिका मात्र त्या दिवशी पुन्हा टेबलावर आली नाही.

उन्हं उतरल्यावर दोघं नेहमीसारखी अल खानच्या किनाऱ्यावर गेली. गुरुवारची संध्याकाळ तिथे घालवायची हा त्यांचा सुमेधा बालवाडीत होती तेव्हापासूनचा रिवाज. पोरगी गेल्यापासून दोघांनाही तिथे करमत नसे, पण घरात बसून तर त्याहून करमत नसे.

एसीच्या गाडीतून प्रमिला बाहेर उतरली आणि तिचा चष्मा पांढरा झाला. दमट हवेची वाफ काचांवर बसली होती. पदराने काचा पुसता पुसता तिचा हात थांबला.

"बाहेर पडलं की आधी चष्मा पुसावा लागतो, आई. काही दिसतच नाही," असं सुमेधा म्हणाली होती. तीन-चार शुक्रवारांपूर्वी. त्या वेळी प्रमिला हसून म्हणाली होती, "अगदी इथल्यासारखंच की गं."

तिने चष्मा लावला. पुढे तोच किनारा होता, पण आज तो तिला नीट पाहवेना. चटया पसरून बसलेली कुटुंबं, कोळशाच्या शेगड्या, सिगारेटच्या थोटकांनी भरलेली वाळू, झोपाळ्यावर ओरडणारी मुलं. "इथे लोक चटया घेऊन येतात, आई, आणि रात्री उशिरापर्यंत भाजत बसतात." हे सुमेधाचं. "शुक्रवारी तर अख्खं गाव लोटतं." हेही सुमेधाचं. शुक्रवारची सुट्टी इथली; तिकडे ती शनिवार-रविवारी असते, हे ऑस्ट्रेलियात न गेलेल्या प्रमिलालासुद्धा ठाऊक होतं. मग शुक्रवारी गाव कसं लोटेल?

ती चपला काढून पाण्यापर्यंत गेली. पाणी पायांवर आलं, कोमट, अंघोळीला काढून ठेवल्यासारखं. सुमेधाने हेही सांगितलं होतं. पाणी कोमट असतं, आई, उतरलं की बाहेर यावंसं वाटत नाही.

पोरगी तिकडचा समुद्र सांगतच नव्हती. इतके महिने ती याच किनाऱ्याचं वर्णन करत होती. लहानपणापासून पाहिलेला, डोळे मिटून सांगता येईल असा. म्हणजे तिकडचा समुद्र तिने पाहिलाच नव्हता. घरापासून दहा मिनिटांवर समुद्र असूनही, फेब्रुवारीत लग्न होऊन गेल्यापासून आजवर, पाहिलाच नव्हता.

आणखी एक गोष्ट तिला आता उमगली. सदानंद फोनवर पुस्तिकेतलं विचारायचा, धक्का पाहिलास का, ट्राममध्ये बसलीस का, तेव्हा सुमेधा म्हणायची, "Yes Papa, it's nice." एवढंच. आणि त्याने न विचारलेल्या समुद्राबद्दल मात्र भरभरून बोलायची. पलीकडून तिच्या सासूबाईंचं हसूही ऐकू यायचं. प्रमिलाला वाटायचं, किती खेळीमेळीचं घर आहे.

सदानंद कणीस घेऊन आला. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने विचारलं, "काय झालं?"

"ती कुठेच जात नाही हो."

"कोण?"

प्रमिलाने पायाखालच्या पाण्याकडे बोट केलं आणि एकेक करून सगळं सांगितलं. चष्मा, चटया, शुक्रवार, कोमट पाणी. सांगताना तिचा आवाज चढला नाही, फक्त वाक्यं तुटत गेली. सदानंद ऐकत राहिला. हातातलं कणीस त्याने खाल्लं नाही आणि टाकलंही नाही.

"कामात असतील. निनादरावांना वेळ नसेल," तो शेवटी जावयाची बाजू घेत म्हणाला.

"मग ती तसं म्हणाली असती."

परतताना गाडी सदानंदनेच चालवली, पण त्यांच्या बिल्डिंगचं वळण चुकलं आणि पुढच्या चौकातून फिरून यावं लागलं.

शुक्रवारी जेवणं आटोपली की फोन, हे ठरलेलं होतं. त्या दुपारी जेवणं नावालाच झाली. भात उरला, आमटी उरली. प्रमिलाने ताटं तशीच ओट्यावर ठेवली आणि हात पुसत फोनपाशी आली. तिकडे एव्हाना रात्र झाली असणार.

"विचारणार काय?" सदानंदने विचारलं.

अडचण तीच होती. निनादच्या घरी फोन हॉलमध्ये होता आणि कोणाचाही आला की स्पीकरवर लागायचा. निनादची आई, मनोरमाताई, पहिल्याच फोनला म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे लपवाछपवी नाही हं, प्रमिलाताई. सगळ्यांनी बोलायचं, सगळ्यांनी ऐकायचं." प्रमिलाला तेव्हा त्यांचं कौतुक वाटलं होतं. पोरीचा तो गरम समुद्रही त्या बसून ऐकायच्या, हसायच्या आणि खोटं चालू द्यायच्या. आपल्या भोळेपणाचा तिला आता संताप आला. मराठीत विचारावं तर त्या ऐकणार, हिंदीत विचारावं तरी ऐकणार, आणि इंग्रजी तर त्यांना प्रमिलापेक्षा चांगलं येत होतं.

तिने नंबर फिरवला.

"हॅलो, प्रमिलाताई का? वाटच पाहत होतो. काय म्हणतंय शारजा? भाजून निघाला असाल."

"हो ना. तुमच्याकडे कसं आहे?"

"गारठा आहे बाई. गुडघे नुसते धरलेत माझे. थांबा, सुमेधा आहे इथेच."

गारठा. त्या सहज बोलून गेल्या. प्रमिलाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. सदानंद तिला चिकटून उभा होता, त्यालाही ऐकू जात होतं.

"हाय आई."

"कशी आहेस गं?"

"I'm good. छान चाललंय. काल आम्ही..." सुमेधा किंचित थांबली. "काल फिरायला गेलो होतो."

आवाज तोच, जरा वरच्या पट्टीतला. प्रमिलाच्या लक्षात आलं, आपण आत्ता काही विचारलं नाही तर पोरगी पुन्हा तोच समुद्र सांगू लागेल, आणि आपणही पुन्हा ऐकून घेऊ. पुढच्या शुक्रवारी पुन्हा. आणि मग तिच्या तोंडून निघालं ते मराठी नव्हतं. भाजीबाजारात, क्लिनिकच्या रांगेत, खालच्या मजल्यावरच्या उम्म खलीफाशी बोलून बोलून तिला जी मोडकीतोडकी अरबी आली होती, ती होती. सुमेधा शाळेत व्याकरणासकट अरबी शिकली होती आणि आईच्या या अरबीवर पोट धरून हसायची.

"सुमे, इंती झेन?"

बरी आहेस ना तू, एवढंच तिने विचारलं होतं. पलीकडून टीव्हीचा आवाज येत राहिला.

मग सुमेधा हसली. मोकळं, मोठ्याने हसली आणि हसता हसताच म्हणाली, "मू झेन, आई."

बरी नाही.

"हे काय बोलताय गं मायलेकी?" मागून मनोरमाताईंचा आवाज आला.

"अहो आई, तिकडे भाजीवाल्याशी असंच बोलतात. आई गंमत करतेय माझी," सुमेधा त्यांना म्हणाली. तिच्या आवाजात अजून हसू होतं. इतकं खोटं हसू आपल्या पोरीला कधी जमायला लागलं, या विचाराने प्रमिलाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तबीन बैत?" तिने विचारलं. घरी यायचंय?

या वेळी सुमेधा हसली नाही.

"ऐवा," ती म्हणाली. हो. आणि लगेच आवाज चढवून, "आई, कोकम पाठवतेस ना? विसरू नकोस हं."

प्रमिलाची अरबी संपली होती आणि मराठीत बोलायला हिंमत होत नव्हती. तिने सदानंदकडे पाहिलं. तिला वाटलं होतं, तो आता म्हणेल, घाई करू नकोस, चार माणसं काय म्हणतील, त्यांचंही ऐकून घेऊ. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात प्रत्येक अवघड गोष्टीला त्याने हेच म्हटलं होतं. पण त्याने तिच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"मनोरमाताई, नमस्कार. सदानंद बोलतोय." आवाज नेहमीचाच अदबशीर. "जरा अडचण आलीय. हिची तब्येत ठीक नाही. सुमेधाला थोडे दिवस पाठवा."

"अगं बाई. आत्ता तर छान बोलत होत्या की."

"बोलते. पण खात नाही, झोपत नाही. जिवाला घोर लागलाय तिच्या."

प्रमिला मटकन खुर्चीवर बसली. आजाऱ्याचं सोंग तिला करावं लागलं नाही.

मग निनाद बोलला. सौम्य, शहाण्या मुलाचा आवाज. "बाबा, काळजी करू नका. पण आत्ता लगेच कसं जमेल? मला रजा नाही. एकटीला पाठवणं बरं दिसत नाही. आपण डिसेंबरमध्ये सगळेच येऊ ना."

"तुम्ही अवश्य या डिसेंबरात, निनादराव. ती आत्ता येईल. तिकीट मी इथून काढतो, व्हिजिट व्हिसाही काढतो. तिला पासपोर्टचा तपशील फक्त वाचून दाखवू द्या."

"मी ई-मेल करतो ना तुम्हाला."

"पासपोर्ट तिच्याजवळच आहे ना?"

"माझ्याकडे आहे, बाबा. Safe आहे. लॉकरमध्ये."

सदानंदचा चेहरा बदललेला प्रमिलाने पाहिला. हे शब्द त्याला नवे नव्हते. त्याचा स्वतःचा पासपोर्ट वीस वर्षं कंपनीच्या तिजोरीत पडून होता, safe. आई वारली तेव्हा तो मिळवण्यासाठी अर्ज देऊन तो मॅनेजरच्या केबिनबाहेर अख्खा दिवस बसला होता, आणि पुण्यात पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. यावर तो कधी चकार शब्द बोलला नव्हता. नोकरी आहे, असं चालायचंच, एवढंच म्हणायचा.

"निनादराव," तो म्हणाला, "लॉकर बँकेत आहे की घरात?"

"घरातच आहे, पण..."

"मग आत्ता काढून द्या. तिच्या हातात. मी फोन धरून ठेवतो."

"बाबा, आत्ता? तुमचा विश्वास नाही का आमच्यावर?"

रिसीव्हर कानाला लावून सदानंद ताठ उभा राहिला. कपाळावर घाम होता, आणि एसी चालू असूनही तो गळ्यापर्यंत ओघळत होता. तिकडे मनोरमाताई काहीतरी पुटपुटल्या, खुर्ची सरकली, मग पावलं दूर गेली. बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती. एकदा वाटलं, फोन कापला गेला. प्रमिलाने त्याचा दुसरा हात घट्ट धरला.

पावलं परत आली. काहीतरी टेबलावर टाकल्याचा आवाज झाला.

"पप्पा." सुमेधा होती.

"मिळाला?"

"हो."

"उघड. नाव वाच."

लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायचं राहून गेलं होतं. सुमेधाने घसा साफ केला आणि शाळेत हजेरी देताना बोलावं तसं, एकेक शब्द सुटा करून तिने वाचलं.

"Sumedha Sadanand Karkhanis."

"हं," सदानंद म्हणाला. "आता तो खाली ठेवू नकोस."